अर्ध्या पुडीची साक्ष

मंगळवारी डोंगरमाय देवीच्या ओट्यापुढे पाय ठेवायला जागा नसायची. सोनगीरहून आत वळलं की टेकडीच्या पायथ्याशी झुलाल भगताचं पत्र्याचं शेड. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन यायच्या. भगत धुनीतली राख पुड्या बांधून द्यायचा. रोज सकाळी एक पुडी पाण्यातून घ्यायची, आणि पुढच्या मंगळवारी 'साक्ष'. साक्ष म्हणजे, पुडीचा नेम धरलेल्या माणसाला सगळ्यांसमोर टोपणभर दारू पाजायची.

"पे रे, पे!" भगत ओरडायचा. "देशी राहो का इंग्लिश, माय बठ्ठी, सगळी बाहेर काढस! डॉक्टरले फी लागस, मायले फक्त नारळ!"

थोड्याच वेळात त्या माणसाचा चेहरा लालबुंद व्हायचा. छाती धडधडायची, डोकं धरून तो खाली बसायचा आणि भडाभडा ओकायचा. बाया हात जोडायच्या. भगत त्याच्या पाठीवर मोरपीस आपटून म्हणायचा, "निघना! दारूना भूत निघना!"

हे मी हिलालबरोबर पाहिलं. हिलाल शेतमजूर, पूर्वी सकाळपासून पिणारा. मी धुळ्याच्या एका वाचनालयातला निवृत्त कारकून. एके काळी मीही प्यायचो. सुटलो, आणि आता व्यसनमुक्ती केंद्रात 'सोबती' म्हणून बसतो. सोबती उपदेश करत नाही. जो सोडतो आहे त्याच्या शेजारी बसायचं, त्याचं ऐकायचं आणि विचारलं तर फक्त आपलं सांगायचं, एवढंच काम. मला ते जमतं, कारण गर्दीत बोलायची मला पहिल्यापासून धास्ती.

त्या ओकणाऱ्या माणसाचा चेहरा पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली होती. असा चेहरा मी आरशात पाहिलेला होता. पण हिलाल चार महिने कोरडा होता. केंद्रात येऊन जे झालं नाही ते देवीच्या भीतीने झालं होतं. ती भीती मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ? शिवाय माझं चुकत असेल तर? मी गप्प राहिलो.

पुढच्या मंगळवारी आरतीआधीच ओरडा झाला. हिलालची बायको मंजुळाबाई बायकांच्या रांगेत कोसळली. तोंड लाल, श्वास लागलेला, पदरात उलटी. तिला कोणी दारू पाजली नव्हती.

भगत क्षणभर गोंधळला, मग त्याचा आवाज चढला. "देखा! चोर घरमाच व्हता! नवरा सुटना, बायको लपी-लपी पेस! माय कोनले सोडत नही!"

"बाई पेस?" गर्दीत कोणी तरी हसलं. "मंग हिलालभाऊ, तुन्ही बाटली तीच संपाडे का काय?"

हिलाल खाली मान घालून उभा राहिला. ती पीत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण देवी खोटी नाही हेही त्याला ठाऊक होतं. भगताने हुकूम सोडला: बाई शेडमागच्या खोलीत राहील. कबूल करेल तर ठीक. नाही तर उद्या दुपारी तिची साक्ष होईल, सगळ्या गावासमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोलीच्या खिडकीशी गेलो. मंजुळाबाई भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले.

"दार उघडं शे, नाना," ती म्हणाली. "कडी नही, कुलूप नही. पन पळी गऊ तं लोके म्हनतीन, खरंच पेस. अठे राहू तं दुपारले दारू पाजतीन. कथा जाऊ?"

मी सोबत्याने विचारावं तेवढंच विचारलं. "काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं, बाई?"

"भाकर. चहा. आनि मन्हं औषध. अंगावरून लई जास ना, म्हनून जवरीलालशेठना दुकानमाथून अशोकारिष्ट आनं. दोन टोपन पिनू, तशीच आरतीले उनू."

"आणि पुडी?"

ती लाजली. "ती तं रोजनीच. अर्धी यास्ले, अर्धी माले. दोघास्नी नेम धरा तं मायनी किरपा दुप्पट व्हस, असं माले वाटनं."

मी खिडकीचा गज धरला. दारू सोडताना मला डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. ती पोटात असताना दारूचा थेंब गेला तरी शरीर बंड करतं. चेहरा तापतो, छाती धडधडते, उलटी होते. केंद्रात ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिल्याच दिवशी बजावतो: आसव नको, अरिष्ट नको. ती आंबवून करतात, त्यांच्यात मद्यार्क आपोआप तयार होतो.

मी धुळ्याला केंद्राच्या डॉक्टर पुनमताईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"नाना, तिला पुन्हा दारू पाजू देऊ नका," त्या म्हणाल्या. "आधीच रक्त जातंय. रक्तदाब एकदम उतरला तर जीव जाईल. आत्ता घेऊन या."

"पण देवीची भीती गेली तर हिलाल..."

"हिलालचं नंतर बघू. आधी ती."

मी रिक्षा आणतो म्हणालो, पण पळाली म्हणतील म्हणून मंजुळाबाई हलेना. दुपारी ओट्यावर ती बसलेली, समोर गाव, भगताच्या हातात बाटली. मग मी केंद्राच्या सभेत बोलतो तसंच सुरू केलं, कारण दुसरं काही येतच नव्हतं.

"मी जीवराम. मी दारू पीत होतो. डॉक्टरांनी मला एक गोळी दिली होती. ती खाऊन मी घोटभर प्यालो, तेव्हा माझं तोंड असंच लाल झालं आणि मी असाच ओकलो. तिथं देवी नव्हती. दवाखाना होता."

"म्हातारानं डोकं फिरनं!" भगत हसला. "राखमा गोळी कोठून ई?"

"ते तू सांगशील. मी फक्त विचारतो. हिलाल पुडी खातो, अरिष्ट घेत नाही. त्याला काय होतं?"

"काहीच नही," हिलाल पुटपुटला.

"बाईने दोन्ही घेतलं. तिला झालं. आता पुडी न खाता नुसतं अरिष्ट घेणारं कोणी आहे का इथं?"

गर्दीतून झुंबरबाई उठली. ऐंशीच्या पुढची, जिभेने अजून तरणी. "मी शे ना! कंबरसाठे रोज पेस. आन इकडे!" तिने मंजुळाबाईचीच बाटली घेतली, दोन टोपणं घशात ओतली आणि तोंड पुसलं. "पुडी मी कधी खादी नही. राख खावाले मी काय भांडं शे घासानं?"

लोक हसले. मग थांबले. सगळे झुंबरबाईच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. तिने मशेरी लावली, सुनेच्या दोन तक्रारी सांगितल्या, आणि तिचा चेहरा होता तसाच सावळा राहिला.

"भगत," मी म्हणालो, "तू दारू पीत नाहीस. देवी तुझी. आठवडाभर आमच्यासमोर ह्या पुड्या खा, आणि मग दोन टोपणं अरिष्ट घे."

"मन्हा नवस शे."

"कसाना नवस?" हिलालने पहिल्यांदा मान वर केली. "मन्ही बायकोले पाजाले निंघना व्हता ना? आते तू खा."

भगताने बाटली खाली ठेवली आणि धुनीकडे बघत बसला. त्यानंतर कोणाला काही समजवावं लागलं नाही. पुड्या पुढे तपासायला गेल्या. राखेत त्याच गोळ्यांची पूड निघाली. पोलिसांत तक्रार हिलालनेच दिली.

मंजुळाबाईला रिक्षात बसवताना एक बाई भाबडेपणाने म्हणाली, "जाऊ दे माय, मायनी तुले माफ कयं."

"माफी कसानी?" मंजुळाबाईने विचारलं. "मी काय कयं?"

दवाखान्याच्या बाकावर हिलालने मला विचारलं, "नाना, देवी नव्हती. मंग आते माले कोन रोकी?"

ज्या प्रश्नाला मी भीत होतो तोच हा. "ठाऊक नाही," मी म्हणालो. "पुनमताईंना विचारू. हवी तर तीच गोळी त्या देतील, पण तुला सांगून, तुझं काळीज तपासून. आणि सभेला मी असेन."

तो कधी येतो, कधी येत नाही. मधे एकदा घसरला, पुन्हा आला. मला त्याची खात्री देता येत नाही. पण वाचणाऱ्यांना एक मागणं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा: हे न खाता काय होतं, आणि जो देतो तो स्वतः खातो का? घरच्या माणसाला न सांगता कुठलीही पुडी खाऊ घालू नका, मग ती कितीही मायेने दिलेली असो. व्यसन हा आजार आहे. त्याला उपचार आहेत, वेळ लागतो, आणि शेजारी बसणारं माणूस लागतं. गुरुवारच्या सभेला आता मंजुळाबाईही येते. बायकांसाठी वेगळं बाक ठेवलंय. ती त्याच्यावर बसत नाही, हिलालच्या शेजारी बसते.