दोन्ही हद्दींचा माणूस

"हे बघ, आज तू तोंड उघडायचं नाहीस," ताई म्हणाली आणि तिने शर्टाच्या कॉलरवर अशी इस्त्री दाबली, की जणू सगळा गुन्हा त्या कॉलरचाच असावा. "वाचायचं ते वाच, लिहायचं ते लिही, आणि गप्प बस. एवढं तरी जमेल ना?"

"जमेल की."

"जमेल की नको. शब्द दे."

मधलेरावांनी शब्द दिला. डोक्यावर एकही काळा केस शिल्लक नसलेला माणूस, पण ताईपुढे उभा राहिला की अजून शाळेत दप्तर विसरून आल्यासारखा दिसायचा. ताईने शर्ट त्यांच्या अंगावर फेकला. दुकानातले लोकांचे कपडे बाजूला सारून तिने आधी त्यांचा शर्ट घेतला होता. आज भावाने बैठकीत नीटनेटकं दिसावं, एवढ्यासाठी.

"वर जाऊन भेटतोस त्यांना?"

"येताना भेटतो. मंजुरी घेऊनच वर जातो."

"जा मग. आणि लक्षात ठेव, माझं आडनाव वेगळं आहे. कोणाच्या बापाला कळायचं नाही."

आता ही मंजुरीची भानगड काय होती, ते सांगायला हवं. ताईचं घर म्हणजे खाली एक खोली आणि वर एक खोली. खाली तिचं धुलाई-इस्त्रीचं दुकान, ज्यावर दोघांचं पोट. वर बिछाना, चूल आणि भावोजी. मधे अरुंद जिना, आणि जिन्याला मधोमध एक मेलं वळण. भावोजींची डावी बाजू अर्धांगवायूने गेली, तेव्हापासून ते वरच होते. दवाखान्यात न्यायचं म्हणून चौघांनी एकदा त्यांना खुर्चीसकट उचललं, तर खुर्ची त्या वळणावर अशी अडकली की ना खाली, ना वर. भावोजींचा पाय भिंतीत चेमटला. पायापेक्षा लाजेनेच ते जास्त रडले. धडधाकट माणूस तो, उभा जन्म ओझी उचलण्यात गेलेला, आणि आता स्वतःच ओझं होऊन जिन्यात अडकला होता. त्यानंतर त्यांनी सांगून टाकलं, "आता मी इथनं एकदाच उतरणार. त्या वेळी चौघं कसेही न्या, माझी तक्रार नाही."

घरामागे मोकळं परस होतं. तिथे एक खोली बांधायची, भावोजींना जमिनीवर आणायचं, दारात खुर्ची टाकायची. एवढंच. दुसऱ्या कोणाच्या परसात ती महिन्याभरात उभी राहिली असती. पण ताईचं घर होतं पट्ट्यात.

पट्टा म्हणजे नाल्यापलीकडची जमीन. शहराची हद्द नाल्यापाशी संपायची, पुढे जिल्ह्याची सुरू व्हायची. पण शहर वाढत होतं, आणि उद्या त्याचे रस्ते नि गटारं याच जमिनीतून जाणार होती. पूर्वी काय व्हायचं, जिल्हा इकडे घरांना परवानगी द्यायचा आणि शहर त्याच घरांवरून रस्त्याची रेघ ओढायचं. शहराने गटार आणून सोडावं, ते जिल्ह्याच्या विहिरीशेजारी. म्हणून दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी बसून करार केला: पट्ट्यात वीट रचायची तर दोघांची संमती हवी, आणि ती एकत्र बैठकीतच द्यायची. करार वाईट नव्हता, खरंच नव्हता. विहिरी वाचल्या, एक अख्खं तळं वाचलं. फक्त बैठकीचं इतिवृत्त लिहायचं कोणी, यावर घोडं अडलं. शहराच्या कारकुनाने लिहिलं तर जिल्हा म्हणे, आमचं म्हणणं गाळलं. जिल्ह्याच्या कारकुनाने लिहिलं तर शहर म्हणे, न बोललेलं घुसडलं. शेवटी दोघांचा मिळून एक सचिव नेमला. अर्धा पगार इकडून, अर्धा तिकडून. तेच हे मधलेराव.

नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. शहरातले त्यांना जिल्ह्याचा माणूस समजत, जिल्ह्यातले शहराचा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत. बदली मागितली तर शहर म्हणे जिल्ह्याला विचारा, जिल्हा म्हणे शहराला. बढतीचंही तसंच. पण एक होतं, त्यांनी लिहिलेल्या शब्दावर दोघंही डोळे मिटून सही करत. हा एकच मान त्यांना मिळाला होता, आणि त्या मानानेच त्यांना खुर्चीला बांधून ठेवलं होतं.

बैठक नाक्याच्या जुन्या इमारतीत होती. इमारत बरोबर हद्दीवर, तिला दोन दारं. शहराचे साहेब एका दाराने येत, जिल्ह्याच्या बाई दुसऱ्याने. टेबलाच्या दोन टोकांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या आहेत ना, हे मधलेराव आधी बसून बघत. यावरून पूर्वी एक बैठक मोडली होती.

आज मात्र दोघं चांगल्या मूडमध्ये होते. साहेबांनी बाईंच्या नव्या गाडीची चौकशी केली, बाईंनी साहेबांच्या सर्दीची. मधलेरावांना वाटलं, आज देव पावला.

प्रत्येक विषयाआधी सचिवाने एक ओळ मोठ्याने वाचायची, असा करारातच नियम होता. "या विषयाशी कोणाचे नाते किंवा हितसंबंध असल्यास त्यांनी आता सांगावे." मधलेराव ती ओळ वाचत, चष्मा सरळ करत, आणि पुढे जात. इतक्या वर्षांत त्या ओळीला कोणी उत्तर दिलं नव्हतं. ती ऐकायची असते, हेही लोक विसरून गेले होते.

कोंबड्यांच्या शेडचा विषय झाला, गोदामाच्या कुंपणाचा झाला. मग परसातल्या खोलीचा आला. यात खरं तर ठरवायचं काही उरलंच नव्हतं. परसावरून जाणारी रस्त्याची रेघ शहराने पलीकडे सरकवली होती, जिल्ह्याने मोजणी उरकली होती. मधलेरावांनी या दाराचं त्या दाराला करत हे सगळं जुळवून आणलं होतं. त्यात वाकडं काही केलं नव्हतं. कोणासाठीही त्यांनी हे केलं असतं, फक्त इतके खेटे घातले नसते.

"हां, ही खोली ना?" साहेब म्हणाले. "आमची हरकत नाही. आजारी माणूस आहे म्हणतात."

"आमचीही नाही," बाई म्हणाल्या. "घ्या, वाचा आणि संपवा."

मधलेरावांनी ती ओळ वाचली. वाचून ते थांबले. चष्मा सरळ केला, पुन्हा केला. पुढे जायचं होतं, पण जीभ हलेना. त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं. नंतर कोणी उकरून काढलं तर मंजुरी रद्द होईल, खोली पाडायला माणसं येतील आणि भावोजी आत असतील, हे एक. आपण लिहिलेला शब्द न् शब्द मग लोक उलटून बघतील, हे दुसरं. आणि ताईला दिलेला शब्द, तो तर सगळ्यात वर बसला होता.

"काय झालं? पाणी देऊ का?" बाईंनी विचारलं.

"ती माझी बहीण आहे," मधलेराव म्हणाले.

हे शौर्य होतं की नुसता जन्माचा भित्रेपणा, ते त्यांनाही कधी कळलं नाही. तोंडातून गेलं ते गेलं.

"अहो मग त्यात काय!" साहेब मोकळेपणाने म्हणाले. "सांगितलंत, छान केलंत. पाच मिनिटं बाहेर बसा, आम्ही मंजूर करतो."

"आणि लिहिणार कोण?" बाई म्हणाल्या.

"आमचा कारकून आहे की खाली."

"तुमचा का? आमचा का नाही?"

"बरं, दोघंही लिहू देत."

"म्हणजे दोन इतिवृत्तं? आणि फरक पडला तर खरं कोणतं मानायचं? साहेब, याच कटकटीपायी तर यांना नेमलं ना आपण?"

साहेबांनी करार मागवला. करारात स्पष्ट होतं: सचिवाने लिहिल्याशिवाय निर्णय नाही, आणि नातं असलेल्या माणसाने खोलीत थांबायचं नाही. बदली सचिव नेमायचा तर आधी दोन्ही सभागृहांचे ठराव हवेत. ते केव्हा होणार, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"मी बाहेर बसून लिहिलं तर?" मधलेरावांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "दार उघडं ठेवून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या एकाच बाबतीत शहराचं आणि जिल्ह्याचं पटकन एकमत झालं. तसं करता येणार नव्हतं.

निघताना साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "असा माणूस आहे म्हणून हा करार टिकलाय."

"यांना आम्ही सोडणारच नाही," बाई हसून म्हणाल्या. "निवृत्त झालात तरी मुदतवाढ देऊ."

मधलेराव हसले. काय करणार?

ते दुकानात शिरले तेव्हा ताई चादर घडी करत होती. तिने त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"बोललास ना?"

"बोललो."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. आदळआपट केली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"ताई, मागाहून कळलं असतं तर त्यांनी खोली पाडली असती गं. भावोजी आत असताना."

"पाडली असती तेव्हा पाडली असती! तोवर चार महिने तरी माणूस जमिनीवर झोपला असता. दारात बसला असता. कोणी येता-जाता विचारलं असतं, काय हो, कसे आहात." तिचा आवाज फाटला. "तुझं बरंय. तू तिथे खरं बोलायचं, लोकांनी तुला चांगला म्हणायचं. आणि तुझा चांगुलपणा वर बसून फेडायचा कोणी, तर त्यांनी. तू सख्खा भाऊ ना रे माझा? परक्याने केलं असतं तर मी दोन शिव्या तरी घातल्या असत्या."

"घाल ना. मला घाल."

"काय उपयोग?" तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच चादरीला हात घातला. "वर जा. तूच सांग त्यांना. मला नाही सांगवत."

मधलेराव जिना चढले. वळणावर खांदा भिंतीला घासला, तसा तो कायमच घासायचा.

भावोजी बिछान्याच्या कडेला बसले होते. दाढी केलेली, अंगात कडक इस्त्रीची पँट आणि शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. आणि पायांत बूट. काळे, पॉलिश केलेले, नाड्या बांधलेले बूट. ज्या माणसाने इतक्या दिवसांत जमिनीला पाय लावला नव्हता, त्याने सकाळपासून बायकोच्या मागे लागून बूट चढवून घेतले होते.

"आलास?" भावोजींची जीभ जड होती, शब्द एकेक करून येत. "त्या... चौघांना सांगून ठेवलंय. चार वाजता येतात. मी खाली... येणार. पाया कुठे खणायचा... ते मीच दाखवणार. नाहीतर ही... काहीतरीच सांगेल त्यांना."

मधलेरावांना वाटलं, खाली जावं, नाक्यावर जावं, त्या दोघांच्या पाया पडावं. पण कुठल्या दाराने आधी जावं, तेच कळेना. ते भावोजींसमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ओळ वाचली तिथपासून, काही न गाळता, काही न घुसडता.

भावोजी ऐकत होते. मग त्यांनी मान हलवली.

"पुढच्या वेळी होईल," ते म्हणाले. मेहुण्याचीच समजूत घातल्यासारखं म्हणाले. "त्या चौघांना... कळव. उगाच हेलपाटा नको."

"कळवतो."

भावोजी बुटांकडे वाकायला लागले. उजवा हात नडगीपर्यंत पोचला, पुढे जाईना. मधलेराव खाली फरशीवर बसले आणि त्यांचा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. ताईने गाठ भलतीच घट्ट मारली होती. ती सुटायला वेळ लागला. एक बूट निघाला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्याच्या नाडीला हात घातला.

"हा राहू दे," भावोजी म्हणाले. "थोडा वेळ."