एल्व्हर बोटीवरची उंदरीण

"आल्डन, राणीसाहेब काय म्हणतात रे?"

इंजिनाखालून येणारा, बोटीच्या मेकॅनिकचा, थर्लोचा तो आवाज. चौदा वर्षं उलटली, तरी आल्डन पेकहॅमच्या कानातून तो हलला नव्हता.

राणी म्हणजे एक पांढरी उंदरीण. 'एल्व्हर' पाणबुडीत इंजिनाशेजारी तिचा पिंजरा टांगलेला असे. पेट्रोलची वाफ साठली की माणसाआधी तिला कळायचं. ती मलूल होऊन पडली, की हातातलं काम टाकून सगळ्यांनी शिडी गाठायची. तिच्यावर नजर ठेवायचं काम आल्डनचं.

आता 'एल्व्हर' भंगारात निघाली होती. शनिवारी न्यू लंडनच्या धक्क्यावर तिच्या नोकरीची हकीकत वाचली जाणार होती. थर्लोची बहीण लव्हिना तोच कागद घेऊन आल्डनच्या स्वयंपाकघरात बसली होती.

"'दोनदा गाळात रुतली,'" तिनं वाचलं.

"तीनदा. एकदा कप्तान डुलक्या काढत होता, ते कोण लिहिणार?"

लव्हिना हसली. मग चष्मा सारखा करून हळू आवाजात वाचू लागली. "'जुलै १९०८. इंजिन दुरुस्त करताना थर्लो ब्रिग्ज वाफेनं गुदमरून वारला. उंदरानं इशारा दिला नाही.' आल्डन, इथं माझं नाव घाल."

"तुझं कशाला?"

"उंदरीण माझ्या घरची ना! दहा पिल्लांतून मीच निवडून दिली. रोगट जनावर दिलं मी, सख्ख्या भावाच्या राखणीला. तेव्हापासून घरात एक उंदीर पाळला नाही, तुला ठाऊक आहे. तू साक्षीला होतास. सही कर, म्हणजे मी सुटले."

तिनं दौतीत टाक बुडवून त्याच्या हातात दिला. आल्डनला मान वर करवेना.

उकाडा होता त्या दिवशी. धक्क्याला बांधलेली बोट तव्यासारखी तापलेली. पिंजऱ्यात राणी निपचित पडली होती. बिचारीला ऊन बाधलं, असं वाटून त्यानं तिला खिशात घातलं नि वर वाऱ्यावर नेलं. सगळे हसतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. वाऱ्यावर ती तरतरीत झाली, त्याच्या बोटाशी खेळू लागली. तेवढ्यात खालून थर्लोनं विचारलं, आणि आल्डननं वरूनच ओरडून सांगितलं, "मजेत आहेत!"

थर्लोला बाहेर काढलं त्या गडबडीत त्यानं तिला गुपचूप पिंजऱ्यात सोडलं. चौकशीत साहेबांनी तिला टुणटुणीत पाहिलं, नि काय लिहायचं ते लिहिलं. आल्डन गप्प राहिला. पुढं दर रविवारी लव्हिनानं आणलेली पाव-माशांची थाळी खातानाही गप्पच राहिला.

"शाई वाळतेय," लव्हिना म्हणाली. "एवढा काय विचार करतोस? खरंच तर आहे."

त्यानं टाक खाली ठेवला.

"खरं नाही, लव्हिना. तुझ्या उंदरिणीनं इशारा दिला होता. मला तो उकाडा वाटला. मी तिला खिशात घालून वर नेली, आणि थर्लोला रिकाम्या पिंजऱ्यापाशी ठेवला."