इस्त्री केलेलं हसू

गल्लीत त्याला फोटोग्राफर कोणी म्हणत नसे, इस्त्रीवाला म्हणत. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तो कॉम्प्युटरवर अशा सफाईने घालवायचा की साठीची बाई पन्नाशीची दिसायची आणि घरी जाऊन नवऱ्याला फोटोच दाखवत बसायची. या नावाचा त्याला कधी राग आला नाही, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. आज मात्र दवाखान्यात, ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या, ते नाव त्याला आतून टोचत होतं.

"मोठ्ठं हसा," डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या. "दात दिसू देत."

ताई हसली. म्हणजे तिची उजवी बाजू हसली, डावी ढिम्म हलली नाही. भुवया वर करायला सांगितल्या तर एकच वर गेली. डोळे घट्ट मिटायला सांगितले तर डावा अर्धा उघडाच राहिला, आणि बुबुळ वर सरकून नुसतं पांढरं दिसू लागलं. त्याने नजर जमिनीकडे वळवली.

"बालवर्गाला शिकवते मी," ताई म्हणाली. तिचे प आणि ब ओठांतून निसटत होते. "परवा शिट्टीच वाजेना. पोरं खो खो हसली. मीही हसले, पण अर्धीच."

बाईंनी कापसाचा बोळा तिच्या गालावरून फिरवला. दोन्हीकडे सारखंच कळत होतं. "स्पर्श पाचव्या नसेकडे असतो, ती ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूतून निघणाऱ्या अशा नसांच्या बारा जोड्या असतात. कोणी वास आणते, कोणी डोळा फिरवते, कोणी जीभ हलवते. चेहरा हलवायचं काम सातवीचं. तुमची डावी सातवी रुसलीय."

मग त्यांनी जिभेच्या डाव्या टोकाला आधी साखर, मग मीठ लावलं. ताईने दोन्ही बिनचूक ओळखलं. बाई जरा थबकल्या. "या भागाची चवसुद्धा ही नसच नेते. ती एकाएकी सुजली की बऱ्याचदा चव बिघडते. तुमची शाबूत आहे. बरं, कधीपासून होतंय हे?"

"परवापासून. त्याआधी ठणठणीत होते." ताईने पर्समधून फोटो काढला. "हा बघा, तीन आठवड्यांपूर्वीचा. माझ्या भावानेच काढलाय."

तो फोटो त्याने लांबूनच ओळखला.

त्या दिवशी ताई शाळेच्या ओळखपत्रासाठी दुकानात आली होती. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्याचं डोकं तापलेलं. कॅमेऱ्यातून बघताना तो खेकसलाच, "ताई, तोंड वाकडं करू नकोस गं."

"नाही करत रे," ती म्हणाली होती.

पडद्यावर बघितलं तर चारही फोटोंत ओठांचा डावा कोपरा आळसावलेला. दुसरा कोणी असता तर पुन्हा फोटो काढला असता. पण हा पडला इस्त्रीवाला. त्याने उजवा कोपरा उचलला, उलटा केला आणि डावीकडे बेमालूम चिकटवला, डाव्या पापणीला थोडा ताण दिला. झालं. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. ताई दुकानातल्या आरशासमोर गाल चाचपत उभी होती. "जरा ओढल्यासारखं वाटतंय रे. डॉक्टरला दाखवू का?" आणि त्याने घाईघाईत, कटकट मिटावी म्हणून, तोच फोटो तिच्या हातात ठेवला होता. "हे बघ. कुठे आहे वाकडं? काहीतरीच तुझं." ती फोटो बघून निवांत झाली आणि घरी गेली.

दवाखान्यातल्या बाईंनी फोटो दिव्याखाली धरला. "इथे तर दोन्ही बाजू सारख्याच आहेत. म्हणजे एकाएकीच झालंय. मग काळजी नको. गोळ्या आजच सुरू करू. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. हळूहळू वाढत आलं असतं तर गोष्ट वेगळी होती, मग आधी गाठबीठ शोधावी लागली असती."

ताईने सुटकेचा श्वास टाकला. सुटका त्याचीही होत होती. गप्प बसलं की झालं, गोळ्या घेऊन दोघं घरी. ताईला आयुष्यात कळलं नसतं. त्याला स्वतःची किळस आली, कारण क्षणभर तो खरंच गप्प बसला होता. बाई चिठ्ठी लिहायला लागल्या.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तो फोटो खरा नाही."

बाईंचा हात थांबला. ताई त्याच्याकडे बघू लागली.

"मी नीट केलाय तो. तोंड तेव्हाच वाकडं होतं." दुकानातले सगळे फोटो त्याच्या मोबाइलवरही येत. त्याने त्यांत मूळ फोटो शोधला. तीनदा भलतंच उघडलं. सापडला तेव्हा मोबाइल आधी ताईने घेतला. तिने तो बराच वेळ बघितला आणि बाईंपुढे ठेवला.

बाईंनी चिठ्ठी बाजूला सारली. त्या ताईच्या मागे उभ्या राहिल्या आणि डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कडेने बोटं हळूहळू फिरवू लागल्या. एका जागी बोटं थांबली. "इथे दुखतं?"

"नाही."

"इथे लाळेची ग्रंथी असते आणि ही नस तिच्यातूनच चेहऱ्यावर पसरते. चवीचा फाटा त्याआधीच वेगळा होतो, म्हणून चव शाबूत. हाताला काहीतरी कडक लागतंय. काय आहे ते स्कॅनशिवाय सांगता येणार नाही. आजच करून घ्या." मग त्याच्याकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "आणखी आधी आला असतात तर बरं झालं असतं."

स्कॅनच्या खोलीबाहेर दोघं बाकावर बसली. ताईने आपल्याला फाडून खावं, चारचौघांत वाभाडे काढावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"ताई, चुकलं गं माझं."

"आरशात मला वाकडं दिसलं होतं," ती म्हणाली. "स्पष्ट दिसलं होतं. पण म्हटलं, हा दिवसभर चेहरेच बघतो, याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. आरसा सोडून तुझ्यावर विश्वास ठेवला मी."

त्याने मोबाइल खिशात घातला.

मग तीच म्हणाली, "मोबाइल काढ. आजचा फोटो घेऊन ठेव. पुढे डॉक्टरांना ताडून बघायला लागेल."

त्याने मोबाइल समोर धरला. ताईने पदर सारखा केला, त्याच्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "आता तोंड वाकडं केलं तर चालेल ना रे?"

तिचा उजवा कोपरा हलला. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर ओघळत होतं. डोळा मिटत नाही म्हणून, की आणखी कशाने, ते त्याला कळेना, आणि विचारायची छाती होईना. त्याने फोटो काढला आणि होता तसाच राहू दिला.