आईची आजी होताना

"धरलंय गं मी मागून, तू नुसतं पायडल मार!"

लहानपणी ऐकलेली ही हाक अजून माझ्या पाठीवर हात ठेवून असते. हाक मारणारी माझी आई. खरं तर आजी. सायकली दुरुस्त करणारी, वंगणानं काळ्या हातांची. मला जन्म देणारी तिची लेक तेव्हा आजारानं अंथरुणाला खिळली होती. जगते की नाही, कुणी सांगेना. म्हणून आजीनं मला कायद्यानं दत्तक घेतलं. तिला आई म्हणायचं, जन्मदातीला ताई. जिभेला तेच वळण पडलं.

ताई बरी झाली, कामाला लागली. आणि आज ते दत्तक कोर्टात रद्द होणार होतं! ताई पुन्हा माझी आई होणार होती. सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एकच धाकधूक होती. आजीच्या होकारावर सगळं अडलं होतं, आणि ती त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

तीन सायकलींवर तिघी निघालो. अर्ध्या वाटेत आजीचंच चाक बसलं.

"सगळ्यांची पंक्चरं काढलीस, तेवढं स्वतःचं राहिलं!" ताई हसून वाकडी झाली.

"दात काय काढतेस? पळ!"

सायकली तिथेच भिंतीला टेकवून आम्ही धावत सुटलो. कोर्टाच्या पायऱ्या चढलो तेव्हा तिघींनाही धाप लागली होती.

न्यायाधीशबाईंनी आधी मला विचारलं. मी इतक्या जोरात "हो!" म्हटलं की कारकून दचकला. ताईनं डोळे पुसत मान हलवली.

"आणि तुमची संमती?"

आजी नुसती पदराला हात पुसतेय, पुसतेय. मी उठले, तिच्या मागे जाऊन पाठीवर हात ठेवला.

"धरलंय गं मी मागून. तू नुसतं पायडल मार."

न्यायाधीशबाईंना हसू आवरेना. आजीनं नाक ओढलं.

"आहे हो संमती. आई झाले ना, म्हणून अभ्यास घ्या, ओरडा, धाक दाखवा... लाड तेवढे मनातच राहिले बघा. कधी बोलले नाही कुणाला." तिनं मागे हात घालून माझा हात घट्ट धरला. "मला केव्हाची हिची आजी व्हायचंय."