बिनगाठीचा टाका

डॉ. उज्वला आहेर यांच्या गाठीवर नाशकातले इतर डॉक्टर डोळे मिटून विश्वास ठेवत. खांद्याला बारीक भोकं पाडायची, दुर्बिणीचं चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत दोरा आत न्यायचा आणि स्नायूला हाडाशी जोडणारी फाटलेली कंडरा पुन्हा हाडाला बांधायची. वर्षानुवर्षं हेच काम.

आज टेबलावर दिंडोरीकडच्या भागीबाई होत्या. द्राक्षबागेत शिडीवरून पडून त्यांच्या उजव्या खांद्यातली कंडरा हाडापासून सुटली होती.

गाठ बसली. उज्वलाबाईंनी बारीक आकड्याने ताणून पाहिली, तर सरकली. सोडवून पुन्हा बांधली. पुन्हा तेच.

"मॅडम, खांदा फुगतोय," भूल देणारी डॉ. सायली म्हणाली. "आत सोडलेलं पाणी मानेकडे चढतंय, श्वासनळी दाबेल. लवकर आटपा."

शेजारी मदतीला उभा असलेला डॉ. अदनान दबक्या आवाजात म्हणाला, "बिनगाठीचा अँकर लावू या का? खुंटीसारखा हाडात ठोकला की दोरे आतच दाबले जातात."

"माहीत आहे मला!" उज्वलाबाई ओरडल्या.

प्रशिक्षण शिबिरात त्यांनी प्लास्टिकच्या हाडावर तो लावून पाहिला होता. खऱ्या माणसावर कधीच नाही. हाड पोकळ निघालं, तर खुंटी दोऱ्यांसकट उपटून येते. आणि भागीबाई साठी ओलांडलेल्या. पडद्यावर रक्ताचा धूर पसरू लागला.

"दे," त्या म्हणाल्या.

भोक पाडलं, दोरे ओवले, खुंटी ठोकली. ओढून पाहिली. चुन्याच्या भिंतीतल्या खिळ्यासारखी ती हलली.

"काढा ती. थोडं खाली जाऊ, तिथे हाड टणक असतं," उज्वलाबाई म्हणाल्या.

नवं भोक. नवी खुंटी. हातोडीचा आवाज या वेळी घट्ट आला. त्यांनी दोरे ओढले. नंतर अजून जोराने. खुंटी जागची हलली नाही. कंडरा हाडाला चिकटून बसली.

"पाणी बंद करा," त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे त्यांना आपले दात आवळलेले असल्याचं जाणवलं.

हात धुताना त्या अदनानला म्हणाल्या, "तुझ्यावर उगाच ओरडले."

"राहू द्या, मॅडम."

काही आठवड्यांनी, हाताची झोळी सुटून व्यायाम सुरू झाल्यावर भागीबाई तपासणीला आल्या. "बाई, अजून लय दुखतं."

"दुखेल थोडे दिवस. हात वर करा बघू."

हात कानापर्यंत गेला आणि अडला. भागीबाईंनी ओठ दाबले. मग तो आणखी थोडा वर सरकला.