आधी कोणाचं

"तुमच्या मशीनमध्ये माझं बाळ अठरा किलोचं झालंय," नवजात विभागाची सिस्टर फोनवर म्हणाली. "सकाळी मी स्वतः काट्यावर ठेवलं होतं त्याला. दीड किलोसुद्धा भरलं नाही. काय चाललंय काय तुमचं तिथं खाली?"

या सिस्टरचा आवाज एरवीही चढलेलाच असतो आणि माझाही काही मंजुळ नाही, त्यामुळे आमचं फोनवर नेहमीच वाजतं. मी म्हणाले, "टाइप करताना बोट घसरलं असेल कुणाचं तरी. एवढं काय चिडायचं? बघते."

"बघते काय बघते! एकाचं असतं तर बोलले नसते. शेजारच्या पेटीतलंही अठरा. त्याच्या पलीकडचंही अठरा. अख्खा वॉर्ड अठरा किलोचा झालाय!"

मी पेशंटचं टेबल उघडलं. वजनाच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत अठरा, अठरा, अठरा. काल जन्मलेली बाळं अठरा किलोची. पाय मोडून पडलेला तो आडदांड ट्रक ड्रायव्हर अठरा किलोचा. हृदयविभागातल्या आजी अठरा किलोच्या.

आमच्या हॉस्पिटलात औषधाची मात्रा वजनावरून निघते. आमच्या सर्व्हरमधून वजन उचललं जातं, मात्रेचा हिशोब होतो, औषध विभागात लेबल छापलं जातं, त्या लेबलाप्रमाणे औषध भरलं जातं आणि वर जाऊन सलाईनला लागतं. बाळांच्या दुपारच्या औषधांची छपाई सुरू झाली होती. अठरा किलोच्या मुलाचं औषध दीड किलोच्या बाळाला दिलं तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मी वळून पाहिलं. शेजारच्या खुर्चीत मास्तर शांतपणे चष्मा पुसत बसले होते.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. ते आमच्या डेटाबेसचे सर्वांत जुने राखणदार, पण या खोलीत आलेल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. त्यांचं लॉगिनसुद्धा त्याच नावाचं. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "डेटाबेस म्हणजे काय गं?" मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. ते म्हणाले, "पोपट छान पाळलायस. आता माणसासारखं सांग." मग त्यांनीच सांगितलं, "एक गोष्ट एकाच जागी लिहायची, आणि बाकी सगळ्यांनी तिथंच येऊन विचारायचं. पेशंटचं वजन एका टेबलात. औषधवाले तिथंच विचारणार, ऑपरेशनवाले तिथंच विचारणार. दहा जागी लिहिलंस की दहा जणांची दहा सत्यं होतात आणि मग भांडत बसा."

"आणि ती एकच जागा चुकली तर?" मी तोंडाळपणे विचारलं होतं. माझं नाव त्यांनी 'तिखट' ठेवलं ते तेव्हापासून.

"तर सगळेच चुकले," ते म्हणाले. "म्हणून तर तुझ्यामाझ्यासारख्यांना पगार देतात."

टेबलातली एखादी नोंद बदलायची त्यांची एक रीत होती. मशीनला आज्ञा द्यायची ती अशी: काय बदलायचं ते पहिल्या ओळीत, आणि कोणत्या पेशंटचं ते दुसऱ्या ओळीत. दुसरी ओळ राहिली तर मशीन कुरकुर करत नाही. गुमान सगळ्यांचं बदलून टाकतं. म्हणून मास्तर पहिली ओळ मोकळी सोडायचे. आधी दुसरी ओळ लिहायचे, पेशंटचा क्रमांक आणि नाव खोलीभर ऐकू जाईल असं वाचायचे, आणि मगच वर जाऊन काय बदलायचं ते लिहायचे. "आधी कोणाचं, मग काय." बदल झाल्यावर मशीन सांगतं, इतक्या ओळी बदलल्या. ते एक बोट वर करून म्हणायचे, "एक." आणि मग कमिट. कमिट करेपर्यंत सगळं मागे घेता येतं. एकदा कमिट केलं की ते सगळ्यांसाठी खरं. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, "झाला मास्तरांचा पाढा सुरू!" पण गेल्या कित्येक वर्षांत मास्तरांच्या हातून एकही चुकीची ओळ बदललेली नव्हती.

त्या सकाळी मुलांच्या वॉर्डातून फोन आला होता. एका मुलाचं वजन अठराऐवजी एक्याऐंशी पडलं होतं, आकडे उलटे झाले होते. वजन एकदा नक्की केलं की वॉर्डातून बदलता येत नाही, आम्हीच बदलतो. फोन मास्तरांनी घेतला होता. थोड्या वेळानं "झालं" म्हणाले होते. मी माझ्या कामात होते. आणि आत्ता, सिस्टरचा फोन कानाला असताना, माझ्या लक्षात आलं की मधला पाढा मी ऐकलाच नव्हता.

"मास्तर," मी म्हणाले, "पेशंटच्या टेबलात सगळ्यांची वजनं अठरा झालीत."

त्यांनी चष्मा चढवला आणि माझ्या पडद्यापाशी आले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. पण आवाज होता तसाच राहिला. "आधी छपाई थांबव."

मी औषध विभागाला फोन लावला. तिथले काका म्हणाले, "थांबवू? साहेबांची लेखी ऑर्डर आहे का?"

"काका, आणखी एक लेबल छापलंत तर साहेब नाही, मी येईन वर!"

छपाई थांबली. पण बाळांचा एक ट्रे भरून आधीच गेला होता. मी पुन्हा सिस्टरला फोन लावला. "सिस्टर, आलेलं काही लावू नका हं, एकही—"

"मी काय दूधखुळी आहे? ट्रे दारातच अडवलाय. पण बाळांची वेळ झालीय, बाई. फार वेळ नाही थांबता यायचं. लवकर करा."

तेवढ्यात साहेब आले. संगणक विभागाचे प्रमुख. धावत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. "कोणी केलं हे?"

"साहेब, आधी आग विझवू की काडी कोणी ओढली ते शोधू?" मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे, उचलली की टाळ्याला.

"कालचा बॅकअप चढवा मग. पटकन!"

"नाही," मास्तर म्हणाले. "कालचा चढवला तर आज दाखल झालेले सगळे पुसले जातील. पहाटे जन्मलेलं बाळ टेबलात उरणारच नाही. मशीनला मघाचं आठवतं अजून. बदल व्हायच्या आधी टेबल कसं होतं ते विचारायचं आणि फक्त वजनं परत आणायची." त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तू लिही. मी सांगतो."

"मी?"

"तूच. पहिली ओळ सोड. आधी कोणाचं?"

मी मोठ्यानं म्हणाले, "ज्यांचं वजन आत्ता अठरा आहे, आणि मघाशी अठरा नव्हतं, त्यांचं."

"बरोबर. मधल्या वेळात कुणाचं नव्यानं वजन केलं असेल तर त्याला धक्का लागत नाही. आता काय?"

"मघाचं वजन."

"चालव. कमिट करू नकोस. किती ओळी आल्या ते बघ, आणि हॉस्पिटलात पेशंट किती ते बघ."

आकडे जुळत होते. बाळांची वजनं उघडली. एक किलो चारशे. एक किलो नऊशे. ड्रायव्हर पुन्हा आडदांड झाला होता. मी कमिट केलं. दोनच क्षणांत सिस्टरचा फोन. "आलं हो, आलं! माझं बाळ परत मुठीएवढं झालं!" ती हसत होती की रडत होती कोण जाणे. साहेब खुर्चीत धपकन बसले.

मला तर मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं. चूक कुणाच्याही हातून होते, म्हटलं. पण ती निस्तरावी तर या माणसानं. म्हाताऱ्याचं डोकं अजून कसं तल्लख आहे!

"आता छपाई सुरू करायला सांग," मास्तर म्हणाले.

मी औषध विभागाचा नंबर फिरवला आणि मधेच थांबले. "मास्तर, तो मुलगा?"

"कोणता मुलगा?"

"मुलांच्या वॉर्डातला. एक्याऐंशीचा अठरा करायचा होता तो. आपण सगळं मघाचं परत आणलं, म्हणजे त्याचंही पुन्हा एक्याऐंशी झालं असणार. आता लेबलं छापली तर त्याला मोठ्या माणसाचं औषध जाईल."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. अनोळखी गावात कुणी पत्ता विचारावा तसे. मग हळूच म्हणाले, "असा फोन आला होता?"

गेल्या आठवड्यात त्यांनी मला एकाच दुपारी तीनदा विचारलं होतं, चहा घेतलास का. एकदा सुट्टीच्या दिवशी ऑफिसात येऊन बसले होते. आम्ही सगळे हसलो होतो आणि तेही हसले होते. वय झालं की व्हायचंच, असं मी म्हटलं होतं. मला तेव्हा जे बघायचं नव्हतं, ते आत्ता समोर उभं होतं.

"कोणी घेतला होता तो फोन?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "मीच घेतला होता, साहेब. बदलही माझ्याच हातून झाला. गडबडीत दुसरी ओळ राहिली."

कामाच्या बाबतीत मी जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. मास्तरांकडे न बघता मी त्या मुलाचा क्रमांक शोधला. आधी कोणाचं ते लिहिलं, मोठ्यानं वाचलं. मग काय. एक ओळ. कमिट. मुलगा अठरा किलोचा झाला आणि मी काकांना सांगितलं, सुरू करा छपाई, आणि बाळांचा तो ट्रे परत मागवून नव्यानं भरा.

"म्हणजे चूक तुमची," साहेब म्हणाले.

"म्हटलं ना साहेब."

"नाही," मास्तर म्हणाले. "माझी आहे. फोन मीच घेतला असणार."

"असणार म्हणजे? आठवतंय का तुम्हाला?"

"आठवत नाही, म्हणूनच सांगतोय." मास्तर किंचित हसले. "आणि ही तिखट खोटं बोलायला लागली की हिचा आवाज गोड होतो. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ऐकला."

साहेब वाईट माणूस नाही. ते उठले, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाला काही झालं नाही ना, मग झालं तर. आज घरी जा, आराम करा. पुढचं सावकाश बघू," म्हणाले आणि वर गेले, सिस्टरची समजूत काढायला.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मास्तरांनी आपली खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ओढली.

"घरीही तेच चाललंय गं," ते म्हणाले. "बायको म्हणते, गॅस तुम्ही लावलात. मी म्हणतो, नाही. जुनं सगळं जागच्या जागी आहे. तू पहिल्या दिवशी कोणत्या रंगाचा ड्रेस घातला होतास, तेसुद्धा सांगेन. पण आजचं येतं आणि कमिटच होत नाही."

"डॉक्टरांना दाखवा. वरच बसलेत एवढे."

"दाखवीन. पण त्याआधी माझे मशीनवरचे अधिकार काढून घे."

"काहीतरीच काय!"

"स्वतःचे स्वतःला काढता येत नाहीत, मशीन ते करू देत नाही. येत असते तर तुला त्रास दिला नसता."

"मास्तर, नका ना असं करू. मी बसेन तुमच्याशेजारी. तुम्ही लिहा, मी वाचून बघत जाईन प्रत्येक ओळ."

"आणि तू ज्या दिवशी रजेवर असशील, त्या दिवशी बाळांनी काय करायचं?"

मी कीबोर्ड ओढला.

"पहिली ओळ सोड," ते म्हणाले. "आधी कोणाचं?"

डोळे भरून आले होते, पडदा दिसत नव्हता.

"वाच. मोठ्यानं वाचायचं असतं."

"तुमचं," मी म्हणाले.

"मशीनला 'तुमचं' कळत नाही. नाव लिही."

मी लिहिलं. मग वाचलं, "मास्तर."

"आता काय?"

"सगळे अधिकार."

"चालव."

मी चालवलं. ते आपल्या जागेवर गेले आणि त्यांनी पेशंटचं टेबल उघडून पाहिलं. मशीननं त्यांना उत्तर दिलं की असं टेबलच नाही. ज्याला अधिकार नसतो त्याला ते असंच सांगतं, हेही मला त्यांनीच शिकवलं होतं. "बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी पडदा बंद केला.

फोन वाजला. त्यांचा हात सवयीनं पुढे गेला, फोनवर टेकला, आणि मग त्यांनी अख्खा फोनच माझ्या बाजूला सरकवला. प्रसूती विभागातून होता. एका बाईचं वजन चुकीचं पडलं होतं. मी क्रमांक विचारला, पहिली ओळ मोकळी सोडली, कोणाचं ते लिहिलं आणि खोलीभर ऐकू जाईल असं वाचलं. मग काय ते लिहिलं आणि चालवलं.

मास्तर डबा पिशवीत ठेवत होते. तिथून त्यांना माझा पडदा दिसत नव्हता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक."

"मग कर कमिट."