आयोने लावलेले दगड

मित्रांनो, डुगडुगणं हेच माझं काम! सिमडेग्याच्या सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून मला, एका फळीला, गोल कापलं आणि पोटाखाली अर्धा गोळा ठोकला. लोक म्हणाले, पाट केलास खरा, पण बसायचं कसं? मी मात्र मुलींच्या हॉकी वसतिगृहात गेले. मुरगळलेले किती घोटे माझ्यावर उभे राहून धड झाले! पुढे रबराची चकचकीत गादी आली आणि मी पिंपावरचं झाकण झाले.

मग वसतिगृहातल्या अलबिना डुंगडुंगच्या कानशिलावर चेंडू बसला. खस्सीचा सामना तोंडावर होता. जिंकणाऱ्या गावाला खस्सी, म्हणजे बोकड मिळतो, म्हणून तिने चक्कर लपवली आणि खेळताखेळता कोसळली. डॉक्टरांनी तपासलं, विश्रांती झाली, आता हळूहळू हालचाल कर म्हणाले. पण ही पडदे ओढून पडूनच. मान वळवली की खोली गरगरायची. आपली हॉकी संपली, असंच ती धरून चालली.

व्यायाम करून घेणाऱ्या प्रोमिलादीदीने मला पिंपावरून उचललं.

"चक्कर येईल म्हणून हलत नाहीस, आणि हलत नाहीस म्हणून चक्कर जात नाही," ती म्हणाली.

आधी बसून मान वळवायची, मग माझ्यावर उभं राहायचं. अलबिना खिडकीचा गज सोडेना.

गावाहून तिची आई, आयो, आली. लेकीचं हिंदकळणं तिला बघवेना. तिने गुपचूप माझ्याखाली दगड सरकवले. दुसऱ्या दिवशी अलबिना माझ्यावर अगदी ताठ! बरी झाले म्हणत ती थेट मैदानाकडे धावली आणि पहिल्याच वळणावर डोकं धरून बसली.

दीदीला दगड दिसले. "काकी, ही काय चूल आहे, दगड लावायला?"

आयो ओशाळली. अलबिना तर आता माझ्याकडे बघेना. तेव्हा आयोनेच दगड काढले आणि नाचाच्या रांगेत गुंफतात तसा लेकीच्या हातात हात गुंफला.

"नाचताना कधी पडू दिलंय तुला? चढ."

आयो गुणगुणू लागली. मी डोलले, अलबिना डोलली. रोज थोडं थोडं. नाचात शेजारणीकडे बघायचं असतंच, त्यामुळे मान आपोआप वळू लागली. खस्सीचा बोकड दुसऱ्याच गावाने नेला, तरी दोघींचं डोलणं चालूच.

एक दिवस आयोकडे मान वळवताना अलबिना थबकली. "आयो, आज तुझं तोंड जागेवर आहे."

"मग इतके दिवस कुठे गेलं होतं?"

मित्रांनो, डोक्याला मार लागला तर बोकडासाठीसुद्धा लपवू नका. आणि जाणत्या माणसांनी हलायला सांगितलं, की घाबरत का होईना, हला. अलबिना आता डॉक्टरांना विचारून मैदानात उतरली आहे. माझ्याकडे यायला तिला सवडच नाही, आणि मला त्याचा कोण आनंद!